नाव न घेता केलेली तक्रार

बाल्ताबेकांचा टीव्ही सोमवारी सकाळी निळा पडला. हवामान सांगणारी बाई ‘येत्या रविवारी’ इतकंच म्हणाली आणि रविवारी काय होणार ते पोटात ठेवून गडप झाली. पडद्यावर दोनच शब्द उरले: सिग्नल नाही. एरवी बाल्ताबेकांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नसतं, कारण बातम्या ऐकून आपला रक्तदाब वाढतो असं त्यांचं ठाम मत होतं. पण येता रविवार साधा नव्हता.

त्या दिवशी त्यांचे व्याही एसेनकुल आणि विहीणबाई तलासजवळच्या आपल्या खेड्यातून मुक्कामाला येणार होते. व्याह्यांचा धाकटा मुलगा एलामान पहिल्यांदाच किरगीझ देशाच्या कोक-बोरू संघातून खेळणार होता, तेही अस्तानात, कझाकांच्या मातीत जाऊन. घोड्यावर बसून बकऱ्याचं धड एकमेकांच्या हातून हिसकवायचा हा खेळ एसेनकुल स्वतः जन्मभर खेळले होते आणि त्यातच गुडघा मोडून घरी बसले होते, त्यामुळे अस्ताना त्यांच्यासाठी चंद्राइतकं लांब होतं. विहीणबाईंनी मुलाचा एकही सामना पाहिलेला नव्हता. मैदानाच्या कडेला त्या हजर असत, पण डोळे झाकून. यंदा बघायचंच असं त्यांनी ठरवलं होतं, कारण पडद्यावरचा घोडा अंगावर येत नाही असं त्यांना कुणीतरी पटवून दिलं होतं. सामना फक्त केबलवर दिसणार होता आणि त्यांच्या खेड्यात केबल नव्हती. तेव्हा बाल्ताबेकांनी एका भरल्या पंगतीत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “व्याहीबुवा, मुलगा तुमचा, टीव्ही माझा. माझ्या दिवाणखान्यात तो तुम्हाला घोड्यासकट दिसेल.” शब्द व्याह्याला दिलेला होता. तो मोडण्यापेक्षा गुडघा मोडलेला परवडला.

त्यांनी केबल कंपनीला फोन लावला. ‘आम्ही सदैव तुमच्या पाठीशी’ असं या कंपनीचं ब्रीदवाक्य होतं आणि ते खोटं नव्हतं. पाठीशीच असल्यामुळे ती समोर कधी येत नसे. बाल्ताबेक बस आगाराचे निवृत्त उपप्रमुख. फोन उचलला की समोरच्याने उभं राहायचं, अशी त्यांची पंचवीस वर्षांची सवय. इथे एका यंत्राने त्यांना रशियनसाठी एक दाबा, किरगीझसाठी दोन दाबा असं सांगितलं. बाल्ताबेकांनी यंत्राला आपला हुद्दा सांगितला. यंत्राने पुन्हा एक दाबा म्हटलं. त्यांनी दोन दाबल्यावर कोमूझ या तंतुवाद्याची धून सुरू झाली, आणि मधेमधे एक बाई ‘तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं इतक्या गोड आवाजात सांगू लागली, की पहिल्या दोन वेळा बाल्ताबेकांनी तिला ‘हो, हो’ असं उत्तरही दिलं. शेवटी एक खराखुरा माणूस आला. त्याने “बोला” म्हटलं, बाल्ताबेक आगारातल्या आवाजात बोलले, आणि फोन कट झाला.

“आता या यंत्राला मी पुन्हा हात लावणार नाही,” त्यांनी बायकोला सांगितलं. “माझाही काही मान आहे.”

“आहे की,” कानिशाय चहा ओतत म्हणाली. “रविवारी व्याह्यांना तोच दाखवा.”

शेजारचे केरीमकुल कुंपणावरून हे सगळं ऐकत होते. केरीमकुलांना कुठलीच गोष्ट येत नसे, पण सल्ला देण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. “बाके,” ते आदराने म्हणाले, “कंपनीच्या नादी कशाला लागता? वायर गंजली असेल. छपरावर जाऊन जरा ओढली की झालं.” जरा ओढली. वायर सुटली, वायरीबरोबर भिंतीतला खिळा सुटला, आणि खिळ्याच्या भरवशावर इतकी वर्षं लटकलेली पन्हळ कानिशायच्या कांद्याच्या वाफ्यात उभी घुसली. केरीमकुल छपरावरूनच म्हणाले, “दोष वायरीत नव्हता, आता खात्री झाली.” मग त्यांना खाली उतरवायला शिडी धरावी लागली, कारण चढणं त्यांना जमत असे, उतरण्याचा विचार ते वर गेल्यावर करत.

आता जाझगुलशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं. जाझगुल म्हणजे बाल्ताबेकांची सून, एलामानची थोरली बहीण. नवरा रशियात कझानला ट्रक चालवायचा आणि ती इथे सासू-सासऱ्यांजवळ राहून शाळेत रसायन शिकवायची. शिकलेली, हुशार, फोनवर गोड बोलणारी. तिच्यात एकच अडचण होती, आणि ती अडचण हाच बाल्ताबेकांचा सगळ्यांत मोठा अभिमान होता. ती सासऱ्यांचं नाव घेत नसे.

सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव उच्चारायचं नाही, ही जुनी रीत. हल्लीच्या मुली ती सोयीने पाळतात. जाझगुल मनापासून पाळायची. बाल्ता म्हणजे कुऱ्हाड, म्हणून ती कुऱ्हाडीला ‘तोडणी’ म्हणायची. एवढ्यावर भागलं असतं, पण हे कुटुंब राहत होतं कारा-बाल्ता गावात, म्हणजे काळ्या कुऱ्हाडीच्या गावात. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून स्वतःच्या गावाचं नावही तिच्या तोंडून निघालेलं नव्हतं. बिश्केकच्या स्टँडवर ती ड्रायव्हरला “आमच्या काळीला जायचंय” म्हणायची आणि ड्रायव्हर हसून दार उघडायचा. बाल्ताबेक ही गोष्ट बाजारात, चहाच्या दुकानात, दाढी करताना न्हाव्याला सांगत. “लोकांच्या सुना सासऱ्यांना नावाने हाका मारतात. आमचीने गावाचंही नाव सोडलं, पण सासऱ्याचं नाही घेतलं.”

मंगळवारी जाझगुलने फोन लावला. बाल्ताबेक शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून कान देऊन बसले.

बिश्केकहून एक मुलगी बोलत होती. आवाजावरून लग्न न झालेली वाटत होती. “जुने ग्राहक क्रमांक आता चालत नाहीत,” ती म्हणाली. “नवी सिस्टीम आहे. नाव आणि गाव सांगा. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?”

“माझ्या सासऱ्यांच्या.”

“नाव?”

“ताई, मी त्यांची सून आहे हो.”

“असू दे की. नाव काय?”

जाझगुलने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “म्हणजे, लाकूड कापायचं असतं ना, त्याची वस्तू. आणि पुढे बेक.”

पलीकडे खटखट टाइप केल्याचा आवाज आला. “कळलं. गाव?”

“गाव काळं. म्हणजे काळी. पुढे तीच वस्तू.”

“कुठली?”

“हातात धरतात ती.”

“अच्छा, हात. कळलं, कळलं. पुढे?”

“ऑक्टोबर रस्ता, चौदा नंबर.”

“उद्या नऊ ते सहाच्या दरम्यान माणूस येईल.”

शेजारच्या खोलीत बाल्ताबेकांचा ऊर भरून आला. एवढ्या अडचणीत, सख्ख्या भावाच्या सामन्यासाठी, तरी पोरीने नाव घेतलं नाही. बुधवारी सकाळपासून कानिशायने कणकेचे बोरसोक तळले, कारण दारात आलेला माणूस मेकॅनिक असला तरी पाहुणाच. बाल्ताबेकांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. केरीमकुल ‘माणूस आला की त्याला काय विचारायचं’ हे सांगायला आले आणि वाट बघता बघता अर्धे बोरसोक त्यांनीच संपवले. माणूस आला नाही. संध्याकाळी जाझगुलच्या फोनवर संदेश आला. तिने तो मनातल्या मनात वाचला.

“वाच की,” बाल्ताबेक म्हणाले.

“‘आदरणीय आराबेक, काराकोल येथील आपली तक्रार समाधानकारकरीत्या दूर झाली आहे. कृपया आमच्या सेवेला तारे द्या.’”

आरा म्हणजे करवत. बिश्केकच्या गॅसवर वाढलेल्या त्या मुलीला लाकूड कापायचं म्हटल्यावर करवत आठवली, यात तिचा तरी काय दोष? आणि कोल म्हणजे हात. काळा हात, काराकोल. ते गाव देशातल्या मोठ्या सरोवराच्या पार पलीकडच्या टोकाला, जवळजवळ चीनच्या दाराशी. ऑक्टोबर रस्ता काय, क्रांतीच्या नावाने प्रत्येक गावात असतोच.

बाल्ताबेकांनी आयुष्यात बऱ्याच गोष्टी सोसल्या होत्या. आगारप्रमुख होता होता राहिले, तेही सोसलं. पण आपण करवत झालो, काराकोलला गेलो आणि तिथे आपलं समाधानही झालं, हे त्यांना सोसेना. त्यात फोन पुन्हा वाजला. पलीकडून एक म्हातारा ओरडून बोलत होता, लांबच्या गावी फोन करताना जसं ओरडतात तसं.

“आराबेक आहेत का? मी काराकोलहून सूरोनकुल बोलतोय, नंबर कागदावर होता. तुमच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. मी म्हटलं, बाबा रे, मी आराबेक नाही, मला केबलच नाही. तो म्हणाला, कागदावर चौदा नंबर आहे. मग मी म्हटलं, आधी आत ये, भाकरी खा. भाकरी खाल्ल्यावर त्याने केबलचा नवा डबा बसवला. आता एवढ्या वाहिन्या दिसताहेत की म्हातारी स्वयंपाक करायला तयार नाही. तुमचं भलं होवो.”

“तो डबा माझा आहे,” बाल्ताबेक म्हणाले.

“तेच म्हटलं मी तिला, कुणातरी भल्या माणसाचा आहे. रविवारी सामना आहे, या ना बघायला. व्याही आहेत का? त्यांनाही आणा. बकरं कापू.”

एवढ्या आग्रहाने बोलणाऱ्या माणसावर रागावता येत नाही. बाल्ताबेकांनी त्याला दीर्घायुष्य चिंतून फोन ठेवला. गुरुवारी जाझगुलने दोनदा फोन केला. पहिल्या वेळी तिला सांगण्यात आलं की तक्रार मिटलेली आहे, आणि दुसऱ्या वेळी सांगण्यात आलं की एका तक्रारीवर एकच डबा मिळतो आणि दुसरा मागणं बरं दिसत नाही.

“सरळ नाव सांगून टाक म्हणावं तिला,” केरीमकुल कुंपणावरून कुजबुजले. बाल्ताबेकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्याही मनात ते येऊन गेलं होतंच. पण ज्या गोष्टीची दवंडी आपण गावभर पिटली, तीच मोडायला आपणच कसं सांगायचं? आणि जाझगुलही विचारत नव्हती. दोघंही दिवसभर एकमेकांच्या नजरेला नजर न देता घरात वावरत होती आणि कानिशाय दोघांकडे बघत चहा ओतत होती.

शनिवारी सकाळी ती दोघं बाजारामागच्या कंपनीच्या कार्यालयात गेली. व्याह्यांची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे तलासहून निघणार होती. वाऱ्याने अर्ध्या गावाची केबल बंद पाडलेली, त्यामुळे अर्धं गाव रांगेत होतं: न्हावी, चहावाला, बोरसोक विकणाऱ्या बायका, आणि केरीमकुल, ज्यांच्याकडे केबल नव्हतीच, पण रांग दिसली म्हणून ते उभे राहिले होते. खिडकीमागे झारीपा नावाच्या एक जाडजूड बाई बसल्या होत्या.

“मी बाल्ताबेक,” बाल्ताबेकांनी छाती पुढे काढून सांगितलं. “माझा टीव्ही बंद आहे.”

झारीपाबाईंनी संगणकात पाहिलं. “तुम्ही असाल हो बाल्ताबेक. पण सिस्टीममध्ये तुम्ही आराबेक आहात आणि काराकोलला समाधानी आहात.”

“मी इथे उभा आहे!”

“मला दिसताय. सिस्टीमला नाही दिसत.” त्या बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. “हे बघा, तक्रार ज्या आवाजात नोंदवली, दुरुस्तीही त्याच आवाजात व्हायला हवी. नवी पद्धत आहे. फोन कुणी केला होता? हिने ना? तिने या माइकमध्ये ग्राहकाचं खरं नाव आणि गाव स्पष्ट बोलायचं, की झालं.”

खिडकीशी एक छोटा माइक होता. जाझगुलने त्याच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या बुटांकडे. त्याहून वर ती बघत नव्हती. मागे रांगेत न्हाव्याने मान पुढे काढली. ही गोष्ट त्याने इतक्या वेळा ऐकली होती की तिचा शेवट बघायला मिळतोय म्हणून त्याला आनंदच झाला असावा.

बाल्ताबेकांच्या कपाळावर घाम आला. एका बाजूला व्याह्याला दिलेला शब्द, डोळे उघडे ठेवायला तयार झालेली एक आई. दुसऱ्या बाजूला तिची मुलगी, जिला भरल्या रांगेत असं उभं केलं गेलं होतं, आणि तेही आपल्याच फुशारकीमुळे. त्यांना स्वतःची लाज वाटली. आगारात त्यांना ती कधी वाटली नव्हती.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “मी जरा बाहेर वारा खाऊन येतो. तुला काय बोलायचं ते बोल. मला हल्ली कमी ऐकू येतं.”

ते बाहेर पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. टोपी कानांवर ओढून घेतली. टोपी जाड लोकरी नमद्याची होती, पण आवाज अडवायला ती बनवलेली नसते.

आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. मग यंत्राचा आवाज: “आवाज स्पष्ट नाही. कृपया पुन्हा बोला.” पुन्हा पुटपुट. “कृपया मोठ्याने बोला.” मग वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या शिक्षिकेच्या आवाजात जाझगुल ओरडली, “बाल्ताबेक! कारा-बाल्ता!”

बाजारातली कबुतरं उडाली. आणि पायरीवर उभ्या असलेल्या बाल्ताबेकांच्या तोंडून, त्यांना कळायच्या आत, “आलो” असं निघून गेलं.

त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की अशी पूर्ण नावाची, खणखणीत हाक त्यांना कुणी किती वर्षांत मारलेलीच नव्हती. बायको ‘अहो’ म्हणायची, सून ‘बाबा’, गाव ‘बाके’, आगार ‘साहेब’. बाल्ताबेक म्हणून हाक मारायची ती आई, दिवेलागणीला, घोडी चरून परत आली की, आणि आई जाऊनही जमाना झाला. त्यांचे डोळे पाणावले. वारा जोराचा होता, त्यामुळे कुणाला काही स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही.

ते आत आले तेव्हा झारीपाबाई सांगत होत्या, “झाली दुरुस्ती. सोमवारी माणूस येईल.”

“सोमवारी?” जाझगुल म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते, पण मान आता वर होती. “ताई, मी लग्न होऊन आल्यापासून हे नाव कधी घेतलं नव्हतं. तुमच्या यंत्राने मला ते सगळ्या गावासमोर तीनदा घ्यायला लावलं. आता माणूस आज येतो, नाहीतर मी इथेच उभी राहून घेत राहते. रीत मोडलीच आहे ना मी, मग नीटच मोडते.”

“अगं, पण सिस्टीम...”

“काय सिस्टीम?” बोरसोकवाली एक म्हातारी रांगेतून बाहेर आली. “सुनेकडून सासऱ्याचं नाव वदवून घेतलं आणि वर सोमवार सांगतेस? तुला सासरा नाही?”

“आहे,” झारीपाबाई दबल्या आवाजात म्हणाल्या.

“काय नाव त्याचं? बोल या माइकमध्ये. आम्हालाही ऐकू दे.”

सगळ्या रांगेने माइककडे पाहिलं. झारीपाबाईंचा हात आपोआप डोक्यावरच्या रुमालाकडे गेला. त्यांनी फोन उचलला आणि जेवायला गेलेल्या मेकॅनिकला, त्याच्या आईचा उल्लेख करत, हातातला घास खाली ठेवायला सांगितलं. तो मोटारीत आला, छपरावर चढला, केरीमकुलांनी जे केलं होतं ते आधी निस्तरलं, आणि संध्याकाळच्या आत टीव्हीवर हवामानवाली बाई परत आली. पन्हळ मात्र कांद्यांतच राहिली.

रविवारी दिवाणखाना भरला. एसेनकुल दुखरा गुडघा उशीवर ठेवून बसले, विहीणबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या, डोळ्यांवर जाऊ नयेत म्हणून. एलामान पहिल्याच झुंजीत घोड्यावरून पडला. विहीणबाईंचे हात सुटले, पण अर्ध्या वाटेत थांबले, आणि त्यांनी बोटांच्या फटीतून मुलाला उठताना पाहिलं. तो उठला, पुन्हा चढला, आणि थोड्या वेळाने बकऱ्याचं ते जड धड मांडीखाली दाबून सगळ्यांच्या पुढे निघाला. त्याने ते प्रतिस्पर्ध्यांच्या गोलात टाकलं तेव्हा विहीणबाईंचे दोन्ही हात जाझगुलच्या गळ्यात होते आणि डोळे टक्क उघडे होते.

मध्यंतर झालं. चहा आला. एसेनकुल काठी टेकत उभे राहिले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. शनिवारची बातमी तलासची वाट चढून त्यांच्यापर्यंत पोचली होती, वाटेत थोडी वाढलीही असणार.

“व्याहीबुवा,” ते म्हणाले, “माझ्या मुलीने भर बाजारात तुमचं नाव घेतलं, असं ऐकलं. आमच्या शिकवणीत काही कमी राहिलं असेल. मी तिच्या वतीने माफी मागतो.”

जाझगुल किटली हातात धरून दारातच थबकली होती. बाल्ताबेकांनी आधी व्याह्यांना हाताला धरून खाली बसवलं.

“कसली माफी, व्याहीबुवा?” ते म्हणाले. “एवढी मोठी ती कंपनी, पण एकालाही माझं नाव नीट घेता आलं नाही. घेतलं ते फक्त तुमच्या मुलीने.”